बॅरिस्टर बाबासाहेबांची उमेदवारी

बीडच्या न्यायालयात उमेदवारी करणाऱ्या आपल्या समाजातील तरुण वकिलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील हा भाग आम्ही मुद्दाम देत आहोत.

१९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले; १९२० मध्ये पुन्हा जाऊन ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा सनदेपुरतेही द्रव्य नव्हते. ते स्नेही नवल भथेना यांनी दिले. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरास काम सॉलिसिटरमार्फतच मिळे, आणि अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर त्यांना काम देईनात. बाबासाहेब खचले नाहीत. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी प्रपंचास हातभार लावला. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ खटल्याच्या अपिलात जेधे-जवळकरांना त्यांनी निर्दोष सोडविले.

पक्षकार दाराशी येवो वा न येवो, अभ्यास थांबता कामा नये, हेच आम्ही यावरून घ्यावे.