रेंज फुल्ल, तरी नेट स्लो? हे गणित शंभर वर्षांपूर्वी एका डॅनिश मास्तरांनी मांडलं होतं

सकाळचे साडेआठ. भाईंदर स्टेशनवर विरारहून भरून येणाऱ्या लोकलची वाट बघत गर्दी उभी. रेंजच्या काड्या पूर्ण, पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय. टॉवर एक, मागणारे हजारो. मग कुणाला किती द्यायचं?

या गणिताचा पाया घातला आग्नर क्रारुप एर्लांग यांनी.

१ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावात त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. पोरगं इतकं हुशार की १४ व्या वर्षीच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास. १९०१ मध्ये गणिताची पदवी घेतली आणि तेही मास्तर झाले. पुढे गणितप्रेमींच्या मंडळात योहान येन्सन भेटले. हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनिअर. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग कंपनीत आले.

तिथं एक पेच होता. लाइन कमी टाकल्या तर कॉल लागेनात, जास्त टाकल्या तर पैसा वाया.

१९१७ मध्ये एर्लांग यांनी यावर सूत्र दिलं. समजा, मागणी एका वेळी सरासरी १० कॉलची आहे. मग १० लाइन पुरतील? नाही. कॉल कधी एकदम येतात, कधी येतच नाहीत. त्यामुळे १० लाइनवर साधारण ५ पैकी १ कॉल लागणारच नाही. हे प्रमाण शंभरात एकाच्या आत आणायचं तर १८ लाइन हव्यात.

एर्लांग नुसते टेबलावर बसणारे नव्हते. शिडी घेतलेला कामगार सोबत घेऊन ते कोपनहेगनच्या मॅनहोलमध्ये उतरून मोजमापं घ्यायचे. लग्न केलं नाही. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले. १९४६ मध्ये टेलिफोन ट्रॅफिक मोजायच्या एककाला त्यांचं नाव मिळालं.

आता तारांच्या जागी लहरी आल्या, पण त्याही मर्यादितच. फोरजीचा टॉवर सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरवतो की पुढचा तुकडा कुणाला द्यायचा. बोलण्याच्या कॉलला आधी जागा, कारण आवाज तुटला की बोलणंच संपलं. व्हिडिओ थोडा थांबू शकतो. जागाच उरली नाही तर चालू कॉल बिघडू नयेत म्हणून नवा कॉल नाकारता येतो.

थोडक्यात, काड्या सांगतात सिग्नल किती जोरात आहे. तुमच्या वाट्याला किती येणार, हे ठरतं शेजारी उभ्या असलेल्या गर्दीवर.