मार्कोनीची गोष्ट: चॅनल वेगळा म्हणजे कुलूप नव्हे

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत फोनवर वाय-फायची यादी उघडा. शेजारपाजारची दहा-पंधरा नावं सहज दिसतात. एवढे सिग्नल एकाच हवेत असूनही तुमचा फोन नेमका तुमच्याच राउटरशी बोलतो. हे कसं जमतं? आणि ते बोलणं दुसऱ्याला ऐकू येतं का? हे दोन्ही प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी गुग्लिएल्मो मार्कोनीसमोर होते. पहिला त्याने सोडवला, दुसऱ्यावर तो फसला.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार, आई आयर्लंडची. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. हर्ट्झने प्रयोगाने सिद्ध केलेल्या विद्युतचुंबकीय लहरींवरून निरोप पाठवता येईल का, हे तो घराच्या माळ्यावर तपासत बसायचा. १८९५ मध्ये त्याने अँटेनाचं एक टोक उंच नेलं, दुसरं जमिनीला जोडलं, आणि सिग्नल टेकडीपलीकडे गेला. तिथे थांबलेल्या भावाने खूण म्हणून बंदुकीचा बार काढला.

कल्याण-डोंबिवलीत ओळखीच्यांकडे राउटर लावून देताना मीही आधी जागाच बघतो. केबल दाराशी येते, म्हणून राउटर टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या कपाटात बसवलेला असतो. तो घराच्या मध्याकडे, उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब ठेवा. सेटिंगला हात लावायच्या आधीच फरक दिसतो.

१८९६ मध्ये मार्कोनी इंग्लंडला गेला, पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. केंद्रं वाढली तशी नवी अडचण आली: एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये मिसळायचा. त्यावर १९०० साली त्याने ७७७७ क्रमांकाचं प्रसिद्ध पेटंट घेतलं. पाठवणारं आणि घेणारं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवायचं, म्हणजे बाकीचा गोंगाट मागे पडतो.

वाय-फायचे चॅनल याच कल्पनेवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. त्यातला कमी गर्दीचा निवडा. चॅनल राउटरमध्ये ठरतो, अडॅप्टर त्याच्या मागे जातो. फोनमध्ये अडॅप्टर आतच असतो, जुन्या डेस्कटॉपला यूएसबी डोंगल लावावा लागतो. डोंगल फक्त २.४ चा असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दिसणारच नाही, ड्रायव्हर कितीही वेळा टाका. ५ मध्ये वेग जास्त मिळतो, पण दोन भिंती ओलांडताना तो लवकर दमतो. म्हणून लांबच्या खोलीत २.४ ठेवा.

१२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने इंग्लंडहून निघालेला सिग्नल अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला, पतंगाने उचलून धरलेल्या अँटेनावर ऐकल्याचं जाहीर केलं. जगभर नाव झालं. आपली जुळवणी एवढी नेमकी आहे की निरोप खासगी राहतो, असाही त्याचा दावा होता.

जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचा सहकारी फ्लेमिंग प्रात्यक्षिक दाखवत होता. मार्कोनीचा निरोप कॉर्नवॉलहून यायचा होता. त्याआधीच यंत्रावर एक टवाळीचा शब्द पुन्हा पुन्हा उमटू लागला, मग मार्कोनीची खिल्ली उडवणाऱ्या ओळी आल्या. हा उद्योग नेव्हिल मास्केलिन नावाच्या जादूगाराचा होता. त्याला वायरलेसचीही चांगली जाण होती. फ्लेमिंग चिडला. मास्केलिनने उलट सांगितलं, की ही त्रुटी लोकांना कळायलाच हवी होती. मला विचाराल तर मुद्दा मास्केलिनचाच बरोबर होता.

१९०९ मध्ये मार्कोनीला ब्राउनसोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिकवरून मदतीची हाक गेली ती त्याच्याच कंपनीच्या यंत्रावरून. लांब अंतरासाठी लांब लहरी हव्यात, असं तो वर्षानुवर्षं मानत होता. पन्नाशीच्या आसपास त्याने ते मत बदललं आणि आखूड लहरी एकाच दिशेला सोडणारी ‘बीम’ पद्धत उभी केली. १९२७ मध्ये या पद्धतीने भारत इंग्लंडशी जोडला गेला. निरोप पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, घ्यायचं केंद्र दौंडला. कल्याणहून पुण्याला जाताना लागतं ते हेच खडकी. आजचे राउटर तुमच्या फोनच्या दिशेने सिग्नल एकवटतात, त्याला बीमफॉर्मिंग म्हणतात.

शेवटच्या काळात तो मुसोलिनीच्या राजवटीसोबत उभा राहिला, हा त्याच्या आयुष्यावरचा डाग आहे. २० जुलै १९३७ ला रोममध्ये तो गेला, तेव्हा अनेक देशांतली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प झाली.

१९०३ चा धडा आजही लागू आहे. चॅनल बदलून किंवा नेटवर्कचं नाव लपवून काहीच सुरक्षित होत नाही. लहरी भिंतीपलीकडे जातातच. कुलूप लागतं ते एन्क्रिप्शनने. राउटरमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ वर ठेवा, अडॅप्टर जुना असेल तर डब्ल्यूपीए२ वर. जुन्या फोनसाठी म्हणून नेटवर्क ‘ओपन’ करू नका. मोबाइल नंबर हा पासवर्ड नको. डब्ल्यूपीएस बंद करा. आणि राउटरच्या लेबलवर छापलेला अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला. दहा मिनिटांचं काम आहे.