सम्राट जोसेफ आणि व्हिएन्नाचे फ्रीमेसन

ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ स्वतः फ्रीमेसन नव्हता. त्याच्या घराण्याला मात्र हे प्रकरण परके नव्हते. वडील फ्रान्सिस स्टीफन यांनी १७३१ साली हेग येथे या संघाची दीक्षा घेतली होती. आणि आई मारिया थेरेसा हिच्याच राज्यात १७४३ मध्ये व्हिएन्नातील लॉजवर छापा पडला होता. (उतरायच्या लॉजशी या शब्दाची गल्लत नको, मेसन मंडळींच्या शाखेला हे नाव आहे.)

१७८० मध्ये मारिया थेरेसा निवर्तली आणि सारी सत्ता जोसेफच्या हाती आली. वर्षभरातच त्याने छपाईवरील निर्बंध सैल केले, प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली, भूदासांची बंधने तोडली. पुढे सातशेच्या वर मठ बंद केले. या धडाक्याला मनापासून साथ देणारा वर्ग बव्हंशी लॉजमध्येच होता. छळ करून कबुलीजबाब घेण्याच्या प्रथेविरुद्ध झगडलेला कायदेपंडित सोनेनफेल्स तेथे होता. खनिजशास्त्रज्ञ इग्नाझ फॉन बोर्न याने तर आपल्या लॉजला जवळजवळ विज्ञानपरिषदेचेच रूप दिले होते. संगीतकार हायडन १७८५ मध्ये त्याच लॉजचा सभासद झाला. मोझार्टने त्याआधी दोनच महिने दुसऱ्या एका लॉजमध्ये प्रवेश घेतला होता.

आणि नेमक्या याच मंडळींवर डिसेंबर १७८५ मध्ये जोसेफने फर्मान काढले. लॉज फक्त प्रांताच्या राजधानीत असावी, सभासदांच्या याद्या नियमितपणे सरकारात दाखल व्हाव्यात, इतरत्र बैठका भरवू नयेत. वरकरणी पाहता हे संरक्षणच होते, कारण संघाला प्रथमच राजमान्यता मिळाली. परंतु फर्मानातील भाषा उपहासाची होती, आणि व्हिएन्नातील आठ लॉजच्या दोन झाल्या. बोर्न वर्षभरात बाहेर पडला.

जोसेफ दुष्ट नव्हता. प्रजेचे हित त्याला हवेच होते. ते प्रजेने आपण होऊन एकत्र येऊन साधावे, हे मात्र त्याला सोसत नव्हते. त्यामुळे हंगेरी आणि बेल्जियम उठले तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारी संघटित शक्तीच उरली नव्हती. जानेवारी १७९० मध्ये मरणपंथाला लागलेल्या सम्राटाने हंगेरीतील बहुतेक सुधारणा स्वतःच्या सहीने मागे घेतल्या. धर्मसहिष्णुता आणि भूदासमुक्ती एवढेच राखले. २० फेब्रुवारीला तो वारला. पुतण्या फ्रान्सिस याने १७९५ मध्ये लॉजवर सरसकट बंदी घातली. सभासदांच्या याद्या सरकारदप्तरी जमा होत्याच.