शूर शिपाई नंदसिंग

ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यास आराकान म्हणून प्रांत आहे. तेथे मयू नावाच्या डोंगररांगेवर झाडी व बांबू ह्यांचे दाट रान माजलेले असते. ही रांग ओलांडून मौंगडॉ व बुथिडौंग ह्या गावांस जोडणारा एक रस्ता जातो. दुसऱ्या महायुद्धात ज्याच्या हाती हा रस्ता, त्याच्या सैन्यास अन्न व दारूगोळा पोहोचणार, अशी स्थिती होती. म्हणून १९४४ साली त्यासाठी एकेका टेकडीवर रक्त सांडले.

नंदसिंग हा पंजाबातील बहादूरपूर गावचा. हे गाव हल्ली मानसा जिल्ह्यात मोडते. त्याचा जन्म १९१४ साली झाला. तो शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत नायक, म्हणजे लहानशा तुकडीचा पुढारी होता.

११ मार्चच्या रात्री सुमारे ४० जपानी शिपाई मशिनगना घेऊन रस्त्यावरील एका टेकडीवर गुपचूप चढले व उभ्या कड्यांत खंदक खोदून बसले. वाटेल ती किंमत देऊन टेकडी परत घ्यावी असा हुकूम सुटला, आणि सर्वांच्या पुढे नंदसिंगाची तुकडी नेमली गेली. वर जाण्याची वाट सुरीच्या धारेसारखी अरुंद व अतिशय चढाची होती, आणि वरून गोळ्यांचा वर्षाव चालला होता.

चढता चढता नंदसिंगाच्या मांडीत गोळी शिरली. तरी तो आपल्या माणसांच्या पुढे धावला व एकट्याने संगिनीच्या बळावर पहिला खंदक घेतला. तेथून तो सरपटत पुढे निघाला, तोच हातभर अंतरावर बाँब फुटून त्याचे तोंड व खांदा जखमी झाला. त्याही स्थितीत त्याने दुसरा खंदक घेतला.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. पहिल्या खंदकावर धावताना रक्त तापलेले असते व सोबती मागून येत असतात. परंतु आता त्याच्या तुकडीतील प्रत्येक शिपाई मेला होता किंवा घायाळ पडला होता. तो त्याच खंदकात पडून राहता, तर त्यास कोणीही दोष दिला नसता. तो अंग ओढीत बाहेर निघाला आणि त्याने तिसरा खंदकही घेतला. मग मागील शिपायांस वाट मोकळी झाली व टेकडी हाती आली. त्या चढाईत नंदसिंगाच्या हातून सात जपानी मारले गेले. तेही कोणा मातांचे पुत्र होते, हे विसरता येत नाही. पण त्याने स्वतःचा जीव राखून दुसऱ्यास पुढे ढकलले नाही, हे खरे.

ह्या कृत्याबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक मिळाले. इतके मिळाल्यावर पुष्कळ माणसे घरी स्वस्थ बसती.

१९४७ साली काश्मीरवर टोळीवाल्यांची स्वारी झाली, तेव्हा त्याची पलटण तिकडे गेली. नंदसिंग आता जमादार झाला होता. १२ डिसेंबर रोजी उरीजवळच्या डोंगरांत पलटण शत्रूच्या सापळ्यात अडकली. तिला सोडविण्यासाठी नंदसिंगाने आपली तुकडी घेऊन हल्ला केला व तो यशस्वी झाला. पण जवळून सुटलेल्या मशिनगनच्या गोळ्यांनी तो स्वतः पडला. त्याचे वय ३३ वर्षांचे होते. मरणोत्तर त्यास महावीर चक्र देण्यात आले. हे पदक व व्हिक्टोरिया क्रॉस ही दोन्ही मिळालेला दुसरा शिपाई नाही. त्याचा देह मात्र शत्रूच्या हाती गेला, तो त्याच्या घरच्यांस कधी परत मिळाला नाही.