योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी

अंथरुणावर कूस बदलली की घर गरगरू लागते; मान वर करून फळीवरचा डबा काढताना तोल जातो. अशा रुग्णाला योगासने करण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. परंतु कोणते आसन करावे, त्याने शरीरात नेमके काय घडते आणि ते कोणी करू नये, हे क्वचितच सांगितले जाते. हे प्रश्न टाळून योगाचा प्रचार करता येणार नाही, अशी भूमिका आयुष्यभर घेतली ती लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. लोकमान्य टिळकांच्या राष्ट्रीय चळवळीचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला होता. देशसेवेसाठी त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य स्वीकारले. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले, तर अमळनेर येथे अध्यापन केले.

पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराज त्यांना गुरू म्हणून लाभले. गुरूंकडून मिळालेली योगक्रियांची साधना त्यांनी निष्ठेने केली. पण त्या क्रियांमागील कारणे जाणून घेण्याची त्यांची जिज्ञासा शमली नाही. एकीकडे सुशिक्षित वर्ग योगाला जोगी-बैराग्यांची विद्या समजून दूर ठेवत होता, तर दुसरीकडे श्रद्धाळूंना पुराव्याची गरजच वाटत नव्हती. या दोन्ही टोकांपासून दूर राहून बडोद्यातील रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात अवस्था निर्माण होते, असे त्यांना आढळले. गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी तिला माधवदास निर्वात असे नाव दिले.

१९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले. आसनांचा रक्तदाबावर होणारा परिणाम मोजून त्याचे आकडे त्यात प्रसिद्ध होऊ लागले. प्रकृती आणि आसने यांबाबत १९२७ मध्ये महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

मात्र प्रयोगांचे निष्कर्ष नेहमीच श्रद्धेला सोयीचे नव्हते. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही दृढ होता आणि आजही आहे. कुवलयानंदांना मोजमापात तसे आढळले नाही. त्यांनी ते झाकून ठेवले नाही. प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र आहे, असे ते मांडत राहिले.

१९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या आसनांवरील ग्रंथातही त्यांनी आसनांच्या फायद्यांबरोबर मर्यादाही नोंदवल्या. कान वाहणाऱ्यांनी आणि डोळ्यांच्या केशवाहिन्या नाजूक असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी उलटी आसने करू नयेत, असा इशारा त्यांनी दिला. रक्तदाब अधिक असणाऱ्यांनाही त्यांनी सावध केले. योगाच्या प्रसारासाठी आयुष्य वाहिलेल्या माणसाने योग कोणासाठी नाही हे लिहून ठेवावे, यातच त्यांचे मोठेपण आहे.

चक्कर येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हा दृष्टिकोन विशेष मोलाचा ठरतो. शरीराचा तोल डोळे, पायांचे स्नायू व सांधे आणि अंतर्कर्णातील संतुलनाचे इंद्रिय या तिघांकडून येणाऱ्या संदेशांवर अवलंबून असतो. अंतर्कर्ण बिघडला, तर दृष्टी स्थिर ठेवण्याच्या आणि उभे राहण्याच्या क्रमाक्रमाने कठीण होत जाणाऱ्या व्यायामांनी मेंदूला नव्याने सवय लावता येते. या उपचारपद्धतीला भक्कम आधार आहे. योगाविषयीचा पुरावा मात्र अजून मर्यादित आहे. भिंतीजवळ उभे राहून केलेले ताडासन, आधार घेऊन केलेले वृक्षासन आणि संथ श्वसन यांचा पूरक उपयोग होऊ शकतो. उलट मान एकदम मागे टाकण्याने किंवा डोके खाली करण्याने काहींची भोवळ बळावते. अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलले असतील, तर तज्ज्ञाने डोके विशिष्ट क्रमाने फिरवून ते पूर्वस्थळी आणणे हाच मुख्य उपाय असतो. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून निदान आणि मगच योगवर्ग, हा क्रम महत्त्वाचा.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांनी उभारलेली संस्था आजही लोणावळ्यात कार्यरत आहे. योगाच्या नावाने आज शहरोशहरी असंख्य वर्ग चालतात आणि प्रत्येक विकारावर हमखास गुणाची ग्वाही दिली जाते. अशा वर्गात पाऊल टाकताना, हे आसन मी करू नये असे काही कारण आहे का, एवढा एक प्रश्न रुग्णाने शिक्षकाला विचारला, तरी कुवलयानंदांच्या कार्याचे ते खरे स्मरण ठरेल.