चाकांवरचा मर्लिन

दिवाळीच्या सुट्टीत इंदरगंजात घरी गेलो, तर धाकटी बहीण इनलाइन स्केट्स बांधून गल्लीत निघालेली. डोक्यावर हेल्मेट होतं, पण मनगटाचे गार्ड पलंगाखाली. ते घातले की मैत्रिणी हसतात म्हणे! माझं उजवं मनगट ग्वाल्हेरच्या थंडीत अजून दुखतं. तीन वर्षांपूर्वी मीही गार्ड असेच घरी ठेवले होते. पण दादाच्या प्लास्टरचा धाक आता कुणाला? म्हणून तिला जॉन जोसेफ मर्लिनची गोष्ट सांगितली.

मर्लिन 1735 मध्ये आजच्या बेल्जियममध्ये जन्मला आणि 1760 मध्ये लंडनला आला. घड्याळं, वाद्यं, यंत्रं यांत त्याचा हात धरणारे थोडेच. जेम्स कॉक्सच्या प्रसिद्ध चांदीच्या हंसामागे त्याचंच डोकं होतं. किल्ली दिली की हा हंस मान वाकवून मासा टिपतो. आजही तो इंग्लंडच्या बोज म्युझियममध्ये आहे.

असा हा हुशार माणूस सोहो चौकातल्या कार्लाइल हाउसमध्ये, मुखवट्यांच्या जलशात, चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत शिरला. बुटांना ना थांबायची सोय, ना वळायची. तो थेट पाचशे पौंडांहून महाग आरशावर आदळला. आरसा फुटला, व्हायोलिनचे तुकडे झाले, स्वतःही चांगलाच जखमी झाला. हा किस्सा छापला गेला 1825 मध्ये, मर्लिन वारल्यावर. थोडं तिखटमीठ लागलंही असेल.

मला खटकतं ते वेगळंच. गाउटने पाय धरलेल्यांसाठी त्याने चाकांची खुर्ची केली. बसल्या जागी हातांनी दांडे फिरवून ती चालवता यायची. दुसऱ्यांच्या चाकांचा एवढा विचार करणाऱ्याने स्वतःच्या पायांखालच्या चाकांचा केला नाही. 1803 मध्ये तो गेला.

पडताना आपण आपोआप हात पुढे टाकतो, म्हणून इनलाइन स्केटिंगमध्ये सर्वांत जास्त मोडतं ते मनगट. गार्डची टणक पट्टी जमिनीवर सरकते, त्यामुळे सगळा धक्का मनगटावर येत नाही. मर्लिनकडे ब्रेकही नव्हता आणि गार्डही. हिच्या टाचेला ब्रेक आहे, आणि गार्ड पलंगाखाली.

बहीण आरशाच्या किमतीवर खूप हसली. मग वाकून एक गार्ड काढला. दुसरा सापडेना. शेवटी आम्ही दोघांनी मिळून पलंग सरकवला.