माझगावच्या अर्देशीरांचे वाफेचे इंजिन

भाऊच्या धक्क्यावर एखाद्याने होडीला नवे आउटबोर्ड इंजिन लावले, की मिस्त्री पहिली ताकीद देतो: पहिले काही तास पूर्ण वेगाने पळवायचे नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत नजरेला गुळगुळीत दिसली, तरी त्यांवर बारीक उंचवटे असतात. साधारण दहा तासांत ते घासून एकमेकांशी जुळतात. घाई केली तर धातू तापतो, तेलाचा थर तुटतो आणि ओरखडे पडतात. वेगही एकसारखा न ठेवता कमी-जास्त करत राहावा लागतो. पूर्वी नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ची चिठ्ठी दिसे, ती याचसाठी.

इंजिन रुळवण्याचा हा उद्योग मुंबईच्या पाण्यात स्वतःच्या खर्चाने करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक होते अर्देशीर कर्सेटजी वाडिया. जन्म १८०८, मुंबईतच. पणजोबांच्याही आधीपासून घराणे जहाजबांधणीतले. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून येथे आले होते. चौदाव्या वर्षी अर्देशीर गोदीत रुजू झाले. सागवानी जहाजांसाठी हे घराणे जगात नावाजलेले, पण या मुलाचे लक्ष वाफेकडे. आधी त्यांनी विहिरीचे पाणी उपसण्यासाठी एक अश्वशक्तीचे छोटे इंजिन केले. मग विलायतेहून दहा अश्वशक्तीचे इंजिन मागवून ते ‘इंडस’ या छोट्या आगबोटीत बसवले. ती १८३३ मध्ये पाण्यात उतरली.

त्या काळी नवे इंजिन रुळवणे म्हणजे कष्टाचे काम. बऱ्याच इंजिनांत पिस्टनभोवती चरबीत भिजवलेला दोर गुंडाळत. तो दबला की पुन्हा आवळायचा. बेअरिंग तापले का, ते हाताने चाचपून पाहायचे. बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी असे. पाण्याची वाफ होऊन जाई आणि क्षार मागे साचे, म्हणून खारट झालेले पाणी मधूनमधून बाहेर सोडावे लागे. शरीरात पाणी कमी पडले की मूतखड्याचे क्षार साचतात, त्याच जातीचा हा प्रकार.

१८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग वायूच्या दिव्यांनी उजळली. पाहायला गव्हर्नरही आले. कोळशाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. त्यामुळे नळ्यांचे सांधे पक्के बसवणे हे निव्वळ हौसेचे काम नव्हते.

१८३९ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी वाफेच्या यंत्रांचा अभ्यास केला. २७ मे १८४१ रोजी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रामानुजन त्यांच्यानंतर ७७ वर्षांनी आले. त्याच वर्षी मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअरपद त्यांच्याकडे आले. युरोपीय फोरमन आणि बॉयलरवाले आता एका पारशी साहेबाच्या हुकमात होते. हे अनेकांना रुचले नाही. एतद्देशीय माणसाला हे काम पेलेल का, असा सूर एका इंग्रजी वर्तमानपत्रानेही लावला. अर्देशीर सोळा वर्षे त्या पदावर राहिले, यातच उत्तर आले.

त्या कारखान्यांचा एक हिशेब मात्र उशिरा मांडला गेला. बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेट ठोकणाऱ्यांचे कान हळूहळू जात. ग्लासगोच्या डॉ. थॉमस बार यांनी १८८६ मध्ये अशा शंभर कामगारांना तपासले, तेव्हा एकाचीही श्रवणशक्ती शाबूत नव्हती. अंतर्कर्णातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. डिझेल बोटीवर वर्षानुवर्षे इंजिनाशेजारी बसणाऱ्या खलाशाच्या कानाला आजही हाच धोका आहे, आणि कानात घालायचे बोळे थोड्या पैशांत मिळतात.

१८५१ मध्ये अर्देशीरांची ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात गेली. तिची यंत्रे घरच्या भट्टीत घडली होती. विलायतेहून इंजिन मागवण्याची गरज उरली नव्हती. १८५७ मध्ये ते निवृत्त झाले, पुढे काही काळ सिंधूवरच्या आगबोटींची देखरेख केली आणि अखेर लंडनजवळ रिचमंडला राहिले. तेथेच १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, ते १९६९ मध्ये.